शनिवारचा मास्तर

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढी एक साधी रीत चिझुकोने पाळली आणि तिच्या नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

रविवारची संध्याकाळ होती. हिराइवा आंघोळ करून, मानेभोवती टॉवेल टाकून स्वयंपाकघरात आला, तर टेबलावर त्याच्या बॅगेतली निळ्या कापडाची पुरचुंडी सोडलेली. कापड नीट घडी घालून बाजूला ठेवलेलं आणि आतला पत्र्याचा डबा निम्मा रिकामा. यातलं कुठे गेलं, म्हणून त्याने विचारलं. चिझुको भात वाढून घेत होती, तिने मानही वर केली नाही.

"अहो, नोनाकावहिनींचं भांडं कधीचं आपल्याकडे पडलं होतं. परवा त्यांनी कमळकाकडी दिली नव्हती का, मोहरी भरून तळलेली? घरात परत द्यायला काही नव्हतं. तुमच्या बॅगेत ही नोरी दिसली, दिली त्यातच घालून. काय खमंग आहे हो. कुठे मिळाली?"

हिराइवाने खुर्ची ओढली आणि बसला. फुकुओकातल्या एका ओळखीच्याने दिली, असं काहीतरी तो पुटपुटला.

आता नोरी म्हणजे काय मोठं सोनं नाही. समुद्रातल्या शेवाळाची कागदासारखी पातळ पापडी. आमच्या क्यूशूत, जपानच्या या दक्षिणेकडच्या बेटावर, ती घरोघरी खातात, नुसती कोरडी भाजून. पण डब्यातली नोरी कोरडी नव्हती. तिला तिळाचं तेल लावलेलं होतं, वर मीठ भुरभुरवून ती निखाऱ्यावर भाजली होती. अशी नोरी समुद्रापलीकडे करतात, कोरियात. आणि नोनाकावहिनींचे यजमान म्हणजे हिराइवाचे खात्यातले साहेब. त्यांचं लहानपण गेलं कोरियातच, बुसान बंदरात; कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. महायुद्ध संपलं तेव्हा दहा वर्षांचा पोर म्हणून गाठोडं पाठीला बांधून बोटीने इकडे आले. चार घोट पोटात गेले की ते तिथल्या खाण्याच्या गोष्टी सांगत बसत, खात्यातल्या सगळ्यांना त्या पाठ झाल्या होत्या. जगातल्या दुसऱ्या कुणी ती नोरी ओळखली असती तर एक वेळ चाललं असतं. बायकोने नेमकी ती या माणसाच्या ताटात नेऊन वाढली.

कंपनीच्या हिशेबी हिराइवा आयुष्यात कधी कोरियाला गेला नव्हता. खरं म्हणजे गेलं वर्षभर तो दर शनिवारी कोरियालाच जात होता.

हा माणूस काही जन्माचा चोर नव्हता, हे आधी सांगितलेलं बरं. कंपनी संगणकाच्या चिप बनवायची आणि हिराइवा धुण्याच्या खात्यात होता. चिप ज्या चकचकीत चकत्यांवर कोरतात त्या प्रत्येक टप्प्यानंतर धुवाव्या लागतात. धुळीचा एक कण राहिला की चकती गेली. आम्लात किती वेळ बुडवायची, पाणी किती गरम, वर काढताना हात किती सावकाश, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्यात त्याची स्वतःची एक युक्ती होती, दोनदा धुण्याची. पहिल्या धुण्यात जे सुटत नाही ते दुसऱ्यात सुटतं. त्या युक्तीवर कंपनीने बरीच वर्षं मजेत काढली होती.

मग कोरियाची चिप आली, आणि तिचा भाव असा की आमच्या कच्च्या मालाची किंमत तेवढी. वर्तमानपत्रं रोज हंबरडा फोडत होती. कंपनीने मात्र कुणाला काढलं नाही. आम्ही माणसं काढत नाही, असं मोठे साहेब नववर्षाच्या भाषणात छाती पुढे काढून म्हणाले. काढत नव्हते हे खरंच, फक्त हलवत होते. ज्यांनी हिराइवाला हाताला धरून काम शिकवलं त्या मात्सुनोंना कंपनीने आपल्याच नव्या सुपरमार्केटात पाठवलं. एकदा हिराइवा तिथे गेला तर मात्सुनो पिवळा एप्रन बांधून बटाट्याच्या तळलेल्या वड्या विकत होते. त्यांनी हिराइवाला पाहिलं आणि गिऱ्हाइकाला करतात तसा वाकून नमस्कार केला. हिराइवा वडी न घेताच पळाला. त्या दिवसापासून त्याला झोप अशी लागलीच नाही. मुलगी कॉलेजात, घर कंपनीचं, वय सत्तेचाळीस, आणि हाताला येतं काय, तर चकत्या धुणं.

नेमक्या त्याच आठवड्यात कंपनी सोडून गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. शनिवार-रविवार मोकळा असतोस का, पलीकडे काही तरुण पोरांना जरा शिकवायचंय, असं तो म्हणाला. एकदाच जाऊ म्हणून हिराइवा गेला. पण असं एकदाच म्हणून कधी संपतं का?

बायकोला सांगितलं, फुकुओकात यंत्रवाल्यांकडे नवीन यंत्र बसतंय, तिथे सुट्टीच्या दिवशी जावं लागेल. फुकुओकाच्या विमानतळावरून पलीकडे पोचायला एक डुलकी काढण्याएवढा वेळ लागतो. हिराइवाला ती डुलकी वर्षभरात एकदाही लागली नाही. त्याने स्वतःला नियम घालून घेतले होते. तिथून काही आणायचं नाही. तिथे लसूण खायचा नाही, कारण सोमवारी तोंडाला वास आला तर संपलं. त्यामुळे पंगतीला बसून तो नुसता भात आणि नोरी खायचा. तो ज्यांना शिकवायचा त्या पोरांत ह्वांग नावाचा एक हुशार होता. सर काही खात नाहीत याची त्याला फार टोचणी. त्याने घरी आईला सांगितलं असणार. या शनिवारी शिकवणी अशी झालीच नाही; सगळ्यांनी मिळून हिराइवाला जेवायला नेलं, आणि निघताना ह्वांगने ती निळी पुरचुंडी दोन्ही हातांनी पुढे केली. आईने स्वतः भाजलीय, सर, तुम्हाला एवढंच आवडतं म्हणून.

ती विमानतळावर फेकून द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. कचऱ्याच्या डब्यापाशी तो गेलाही, आणि परत आला. कुणाच्या आईने चुलीपाशी बसून भाजलेलं अन्न, कापडात बांधून दिलेलं, ते कचऱ्यात टाकायला हात धजेना. कंपनीची विद्या चोरून परक्याला देणारा हा माणूस, पण भेट म्हणून दिलेला डबा त्याच्याने टाकवला नाही. फुकुओकात उतरून टाकू, म्हणत त्याने तो बॅगेत घातला. आणि उतरून पाहतो तर बाहेर पडायच्या दारापाशी कंपनीच्या प्रशासन खात्यातला एक माणूस खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचत उभा. पलीकडे शिकवायला जाणाऱ्यांना पकडायला कंपन्या हल्ली रविवारी विमानतळावर माणसं उभी करतात, अशी कुजबूज हिराइवाने ऐकली होती. आज डोळ्यांनी पाहिलं. गोल्फ खेळून आलेल्या एका घोळक्याच्या मधोमध घुसून, मान खाली घालून तो कसाबसा बाहेर पडला. गाडीत बसल्यावर किल्ली भोकात जाईना. डबा कुठला आठवतोय?

आणि आता ती नोरी वरच्या मजल्यावर पोचली होती. नोनाका साहेब बरोबर त्यांच्या डोक्यावर राहायचे. कंपनीच्या क्वार्टर्सची छतं पातळ. वर खुर्ची सरकली, कुणीतरी बसलं, हे खाली कळायचं. हिराइवा घास हातात धरून वर बघत राहिला. भात निवला. चिझुकोने विचारलं, बरं वाटत नाहीये का. तो म्हणाला, दमलोय. ती म्हणाली, त्या यंत्रवाल्यांना सांगा की आम्हालाही घरदार आहे म्हणून. बिचारीला काय ठाऊक.

सोमवार गेला, साहेब काही बोलले नाहीत. सकाळच्या कवायतीला ते नेहमीसारखे पुढे उभे, हात वर, हात खाली. दुपारी त्यांनी हिराइवाकडून एक अहवाल मागितला आणि वाचून परत केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. साहेबांनी चष्मा पुसला तरी हिराइवाला वाटे, आता बोलणार. संध्याकाळपर्यंत त्याला वाटू लागलं की एकदा काय ते बोलून टाकतील तर बरं. हे असं टांगून ठेवण्यापेक्षा फाशी परवडली. रात्री वरची खुर्ची सरकली तेव्हा चिझुको म्हणाली, वहिनी भेटल्या होत्या जिन्यात, नोरी फार आवडली म्हणाल्या, साहेबांनी एकट्यानेच संपवली म्हणे. हिराइवा उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला.

मंगळवारी ते झालं.

कारखान्याच्या आतल्या स्वच्छ भागात जाताना सगळं अंग पांढऱ्या कपड्यांनी झाकायचं, फक्त डोळे उघडे. मग एका कपाटाएवढ्या खोलीत उभं राहायचं. चारी बाजूंनी वारा सुटतो आणि कपड्यांवरची धूळ उडवून नेतो. वाऱ्याचा आवाज एवढा, की बाहेरच्याला आतलं काही ऐकू जात नाही. हिराइवा आत शिरला आणि त्याच्या मागोमाग नोनाका साहेब शिरले. दार बंद झालं. वारा सुटला.

साहेब समोर बघत म्हणाले, "नोरी चांगली होती. आमच्या शेजारची म्हातारी अशीच भाजायची."

हिराइवाला माफी मागायची होती, पण कशाची मागायची हे बोलून दाखवलं की संपलंच.

"काही बोलू नकोस," साहेब म्हणाले. "बोललास तर मी ऐकलं असं होईल, आणि ऐकलं तर मला वर सांगावं लागेल. मग तू तर गेलासच, पण माझ्या खात्यात हे चाललं आणि मला दिसलं नाही म्हणून मीही जाणार. माझी दोन वर्षं राहिलीत, हिराइवा. मला ती पुरी करू दे."

वारा थांबला, पलीकडचं दार उघडलं. साहेब पुढे गेले. हिराइवा तिथेच थबकला होता, मागच्या माणसाने काच ठोठावली तेव्हा हलला. साहेबांनी वाचवलं म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो पडला नाही. पांढऱ्या टोपीखाली साहेबांचे डोळे त्याने पाहिले होते, आणि ते डोळे त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेले होते.

बुधवारी सकाळच्या सभेत कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं. हे मोठे साहेब म्हणजे गोल चेहऱ्याचे, मोठ्याने हसणारे, हिराइवासारखेच इथल्या कुमामोतोच्या मातीतले. म्हणाले, आता जुन्या पद्धतीने भांडून भागणार नाही, मुख्य कचेरीने पलीकडच्या कंपनीशी हात मिळवायचं ठरवलंय. जुनी चिप यापुढे ते बनवतील, आपण तिच्यावर आपलं नाव घालून विकू. शुक्रवारी त्यांची माणसं कारखाना बघायला येतायत, सगळ्यांनी नीट वागायचं. आणि कंपनीचं नाव सांगितलं.

हिराइवा दर शनिवारी जात होता तीच ती कंपनी.

म्हणजे हिराइवा जी विद्या अंधारात, चोरासारखी नेत होता ती आता कंपनी दिवसाढवळ्या, हारतुरे देऊन नेऊ देणार होती. याचं त्याला हसू यायला हवं होतं. पण हसू कुठलं, त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: शुक्रवारी कोण येणार? ह्वांग आला तर? तिकडच्या माणसांत गुरूचा मान मोठा. ह्वांग त्याला दारात भेटायचा तो कंबरेतून वाकून, आणि सर आधी सरळ झाल्याशिवाय उठायचा नाही. त्याने इथे, सगळ्यांच्या देखत, तसं केलं तर? मनात काही न आणता, नुसत्या सवयीने केलं तरी पुरे होतं. दिल्या-घेतल्याचा आळ एकदा आला की करार झाला म्हणून तो पुसला जात नाही. कंपनीने विकलं तो व्यवहार, नोकराने दिलं ती चोरी.

त्याने रजा मागायची ठरवलं. नोनाका साहेबांनी नकार दिला. धुण्याचं खातं दाखवायला मोठ्या साहेबांनी हिराइवाचंच नाव घेतलंय, तो नसला तर का नाही म्हणून विचारतील, एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसू लागले. गुरुवारी रात्री हिराइवाने चिझुकोला विचारलं की आपल्याला क्वार्टर सोडावी लागली तर तुझ्या माहेरी काही दिवस राहता येईल का. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, येईल. काय झालं ते तिने विचारलं नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी दारात सगळे रांगेत उभे. पाहुणे गाडीतून उतरले. चार जण, पुढे दोन वयस्क, मागे दोन तरुण, आणि त्यातला डावीकडचा ह्वांग. नवा सूट घातलेला, केस चापून बसवलेले. हिराइवाच्या कानांत सूं सूं आवाज सुरू झाला. ह्वांग एकेकापुढे थांबून दोन्ही हातांनी कार्ड देत येत होता. तीन माणसं उरली. दोन. नोनाका साहेबांपुढे तो वाकला, बेताचंच वाकला, आणि मग हिराइवापुढे आला.

"पहिल्यांदाच भेटतोय," ह्वांग म्हणाला, "ओळख असू द्या." आणि साहेबांपुढे वाकला होता तेवढाच वाकला.

हिराइवाने कार्ड घेतलं. ते बोटांतून निसटून खाली पडलं, आणि दुसऱ्याचं कार्ड जमिनीवर पाडणं यासारखी बेअदबी नाही. सगळ्यांच्या माना वळल्या. ह्वांगने स्वतः ते उचललं, पुसलं, पुन्हा दोन्ही हातांनी दिलं आणि पुढच्या माणसाकडे गेला. एकदाही त्याने डोळ्याला डोळा दिला नाही. पोरगं शहाणं निघालं. हिराइवाला त्याचे पाय धरावेसे वाटले.

मग कारखाना बघणं सुरू झालं. धुण्याच्या खात्याच्या काचेपाशी सगळे थांबले आणि हिराइवाने माहिती सांगितली. आवाज कापत होता, पण पाहुण्यांपुढे कुणाचाही कापतो. आम्लाचं टाकं, पाण्याचं टाकं, पुन्हा आम्ल, पुन्हा पाणी. वयस्क पाहुणे माना डोलवत होते. ह्वांग काचेला नाक लावून बघत होता.

"अजून दोनदा धुता?" त्याने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. खरंच आश्चर्य वाटल्यासारखं त्याने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. हिराइवा म्हणाला, हो, दोनदा. तुम्ही किती वेळा धुता, म्हणून मोठ्या साहेबांनी मध्येच विचारलं. ह्वांगने एकदा जमिनीकडे बघितलं आणि मग सांगितलं. आम्हीही दोनदाच धुवत होतो, पण या उन्हाळ्यापासून एकदाच. थंड पाण्यात ओझोन सोडतो, आम्ल निम्मं लागतं, आणि चकत्या वाया जाण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षाही खाली आलंय. किती खाली तेही त्याने सांगितलं. नोनाका साहेब चष्मा पुसू लागले.

उन्हाळ्यापासून. म्हणजे सगळा शरद हिराइवा विमानाने जाऊन, फळ्यावर चित्रं काढून, या पोरांना जे शिकवत होता ते त्यांनी केव्हाच टाकून दिलं होतं. समोर बसून त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं, माना हलवल्या होत्या, शंकाही विचारल्या होत्या. सरांना वाईट वाटू नये म्हणून.

जेवणाआधी सभागृहात चहा झाला. मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला होता, पण हार मानणारा गडी नव्हे. ते उठले आणि सगळ्यांच्या देखत पाहुण्यांपुढे वाकले. म्हणाले, आम्हाला यात लाज नाही, ही एकदा धुण्याची रीत आमच्या माणसांना शिकवायला तुमचं कुणी पाठवाल का. वयस्क पाहुण्याने ह्वांगकडे हात केला. ह्वांग उभा राहिला, म्हणाला, माझं भाग्य, येईन मी. दोन-चार वाक्यं बोलला असेल, तेवढ्यात मोठे साहेब खदखदून हसले.

"अहो, तुम्ही तर आमच्या कुमामोतोच्या हेलात बोलताय. आमच्या टोकियोच्या साहेबांना नाही जमत असं. कुणी शिकवलं?"

सगळे हसले, हिराइवा सोडून. याचा त्याने विचारच केला नव्हता. पोरगं जपानी बोलायला शिकलं ते त्याच्याकडूनच. शब्द खाली आणून सोडायची ती ढब हुबेहूब हिराइवाची होती. दोन खुर्च्या पलीकडे बसलेल्या कुणीही ती ओळखली असती. नोनाका साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एक सर होते," तो म्हणाला. "इकडून यायचे, शनिवारचे. चांगला माणूस. आम्हाला काही येत नव्हतं तेव्हा त्यांनी हाताला धरून शिकवलं. आता त्यांना त्रास द्यायची गरज उरली नाही. गेल्या शनिवारी आम्ही त्यांना निरोपाचं जेवण दिलं. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे."

"नाव काय त्यांचं?" मोठ्या साहेबांनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

"नाव आम्ही कधी विचारलं नाही," ह्वांग म्हणाला. "फार भ्यायचे ते."

मोठे साहेब एकेका चेहऱ्याकडे बघत होते. त्यांची नजर हिराइवावर आली, थांबली आणि पुढे गेली. या घाबरट, कार्ड पाडणाऱ्या माणसाच्या अंगात तेवढी धमक असेल असं त्यांना वाटलं नसावं. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, जे गेलं ते गेलं, आपल्याला पुढचं बघायचंय. "हिराइवा, ह्वांग-सान येतील तेव्हा त्यांच्या हाताखाली तू राहा. आतापासून लिहून घ्यायला लाग."

हिराइवा उठला आणि ह्वांगपुढे वाकला. शिष्याने वाकावं तसा वाकला, कारण मोठ्या साहेबांचा हुकूम तोच होता. समोर ह्वांगही वाकला, आणि तो कंबरेतून, नेहमी दारात वाकायचा तसा, अगदी खाली. लोकांना वाटलं, किती नम्र पोरगं. आपण उठल्याशिवाय तो उठणार नाही, हे हिराइवाला ठाऊक होतं. पण त्याला उठता येईना. सुटलो, हे त्याला कळलं होतं, आणि तरी आजवर कधी वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटत होती. वर्षभर तो आपण चोर ठरू म्हणून मरत होता. आता आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही, आणि ते समोरच्या या पोराला सगळ्यांत आधी कळलं होतं.

दोघे तसेच वाकून उभे राहिले. जेवण गार होतंय, असं कुणीतरी म्हणालं.